एका माणसाची जागा

गालमे बेटावरचा सरकारी दवाखाना म्हणजे तीन खोल्या, औषधांची दोन कपाटं, सोनोग्राफीचं एक छोटं यंत्र आणि नर्स गुम-जा. डॉक्टर बदलत राहायचे. सैन्यातली सक्तीची नोकरी बंदुकीऐवजी स्टेथोस्कोप घेऊन करणारी पोरं किनाऱ्यावरच्या मोक्पो बंदरातून बोटीनं यायची, मुदत भरली की त्याच बोटीनं परत जायची. गुम-जा त्यांना मासे साफ करायला शिकवायची, त्यांचे जावळासारखे विस्कटलेले केस बघून हसायची आणि निघताना सुक्या सोड्यांची पुडी हातात द्यायची.

मिन जे-हा हा असाच एक. त्याला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं होतं. डोळ्यांचं काम स्वच्छ, बारीक आणि शांत असतं, असं तो घरी फोनवर सांगायचा. बेटावर त्याच्याकडे यायचे ते गुडघे, कंबरा आणि रक्तदाब. फार तर कुणाच्या बोटात गळ रुतायचा. म्हाताऱ्या बायका इंजेक्शन घेऊन झालं तरी उठायच्या नाहीत. लग्न कधी करणार, जेवायला काय केलं, हे विचारून मगच जायच्या. जे-हाला ते आता आवडायला लागलं होतं.

फुलखेकड्यांचा हंगाम जोरात होता. चु मान-बोक आणि त्याची बायको ओक-सुन ही दोघंच मिळून एक होडी चालवायची. बेटावरची निम्मी घरं अशीच चालत. गडी ठेवणं परवडायचं नाही, म्हणून नवरा सुकाणूवर आणि बायको जाळ्याची दोरी ओढणाऱ्या विंचपाशी. ही दोघं दिवसभर भांडायची. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर त्यांचं भांडण धक्क्यावर ऐकू यायचं, आणि ते ऐकून बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, मान-बोकची होडी आली बघा.

त्या सकाळी होडी आली ती गुपचूप. गुम-जा धावत दवाखान्यात शिरली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. ओक-सुनताईचा हात विंचमध्ये गेला, एवढंच ती म्हणाली आणि कपाटातली कापडं काढायला लागली. जे-हा बॅग घेऊन उतारावरून धक्क्याकडे पळाला. पळताना त्याच्या डोक्यात एखादं मोडलेलं बोट होतं, सोललेला तळवा होता. त्यापलीकडचं काही आलंच नाही.

ओक-सुन जाळ्याच्या ढिगावर पाय पसरून बसली होती. नवऱ्याचा शर्ट तिच्या मांडीवर गुंडाळून ठेवलेला होता आणि कोपराच्या वर निळी नायलॉनची दोरी कचकचून आवळलेली होती. जे-हानं शर्टाची घडी उलगडली. आत हात होता. मनगटाच्या चार बोटं वर, विंचच्या जाड दोरीनं तो कापून काढला होता. आतल्या बाजूच्या कातडीची एक पट्टी आणि एक पांढरी शीर, एवढ्यावरच पंजा लोंबत होता. बोटांची नखं जांभळी पडली होती. नखांत खेकड्यांचा चिखल तसाच होता.

जे-हाला नंतर आठवलं ते असं, की त्या क्षणी त्याला सगळं दिसत होतं पण कशाचाच अर्थ लागत नव्हता. एक खेकडा जाळ्यातून सुटून होडीच्या कडेकडेनं चालला होता. कुणाचा तरी रेडिओ चालू होता. वैद्यकशास्त्राची सहा वर्षं कुणीतरी पाटीवरून पुसून टाकावीत तसं त्याचं डोकं कोरं झालं होतं.

ओक-सुनच त्याला म्हणाली, "डॉक्टर, खाली बसा आधी. तुम्हीच समुद्रात पडाल, मग तुम्हाला कोण काढणार?"

तिचे ओठ पांढरे होते, पण आवाज नेहमीचाच होता. तो बसला. बसल्यावर हात चालायला लागले. दोरीच्या वर त्यानं रक्त थांबवायचा पट्टा चढवला, दांडी पिळून आवळला, मग दोरी सोडली. तेव्हा ओक-सुन पहिल्यांदा कळवळली. रक्त आलं नाही. ज्यानं दोरी बांधली होती त्यानं ती नीट बांधली होती.

ज्यानं बांधली होती तो मान-बोक होडी धक्क्याला लावत होता. त्यानं खुंटीला गाठ मारली, वर आला, बायकोसमोर पाठमोरा वाकला आणि म्हणाला, "चढ." लोकांनी स्ट्रेचर आणतो म्हटलं, छोटा ट्रक येतोय म्हटलं. तो थांबला नाही. तिला पाठीवर घेऊन तो उतार चढून दवाखान्यापर्यंत चालत आला. जे-हा शेजारून तिचा हात कापडात धरून चालत होता. त्या वाटेवर मान-बोक एक शब्दही बोलला नाही. त्याच्या नाकातून शिट्टीसारखा श्वास येत होता. साठीच्या माणसाला बायकोचं ओझं झालंय, असंच सगळ्यांना वाटलं.

मोक्पोच्या मोठ्या हॉस्पिटलात अपघातांसाठी वेगळा विभाग होता आणि तिथे डॉक्टर ताक नावाच्या बाई होत्या. जे-हानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बेटांवरच्या डॉक्टरांमध्ये त्यांच्या आवाजाची तेवढी ख्याती होती. बाई फोनवर ओरडत नाहीत, पण फोन ठेवल्यावर आपलीच छाती धडधडते, असं आधीच्या डॉक्टरनं त्याला सांगून ठेवलं होतं.

त्यानं हाताचे फोटो पाठवले. बाईंनी नेमके प्रश्न विचारले आणि नेमकी कामं सांगितली. पंजा ओल्या कापडात, कापड पिशवीत, पिशवी बर्फात. बर्फ थेट कातडीला लागता कामा नये. कातडीची पट्टी कापायची नाही. सलाईन लावायचं, वेदनेचं इंजेक्शन द्यायचं. हेलिकॉप्टर निघतंय, शाळेच्या मैदानावर उतरेल.

"हात राहील?" जे-हानं खोलीबाहेर येऊन विचारलं.

"दोरीनं कापलेला आहे. चाकूनं कापलेला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत माझ्या टेबलावर आला तर प्रयत्न करते. जोडणारा सर्जन इथेच आहे. त्याला मी घरी सोडत नाही."

बर्फाला बेटावर तोटा नव्हता. मासळीच्या गोदामातून लोकांनी पेट्या भरभरून आणल्या. गुम-जानं ओक-सुनचा रबरी कोट कात्रीनं कापून काढला. नवा होता गं, असं ओक-सुन कुरकुरली. जे-हा सलाईनची सुई लावून उभा राहिला तेव्हा त्याला पहिल्यांदाच वाटलं, की आपण हे करू शकतो. रक्त थांबलं होतं, हात बर्फात होता, हेलिकॉप्टर वाटेत होतं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि आत कुठेतरी, त्याला कबूल करायला आवडलं नसतं, पण थोडा अभिमानही होता.

मान-बोक बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. त्यानं पाणी मागितलं, गुम-जानं दिलं. परत मागितलं. मग जवाच्या चहाचा अख्खा तांब्या त्यानं तोंडाला लावला.

पलंगावर पडल्या पडल्या ओक-सुनला दारातून त्याचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता. इंजेक्शननं तिचे डोळे जड झाले होते. तरी ती टक लावून तिकडेच बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझा हात ठेवा बाजूला. त्यांना बघा."

जे-हा म्हणाला, काका घाबरलेत, बसू दे त्यांना.

"ते घाबरले की ओरडतात. तीस वर्षं ओरडतायत. आज मी चूक केली, हातमोजा ढिला घातला, आणि त्यांनी मला एक शिवी दिली नाही." तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "आणि ते असे कधी बसत नाहीत. बघा ना जरा."

जे-हा बाहेर गेला तो तिचं मन राखायला. मान-बोक डावा हात पोटाशी दुमडून वाकून बसला होता. चेहरा ओल्या राखेच्या रंगाचा झाला होता. कपाळ पुसल्यावर लगेच परत घाम येत होता. कुठे लागलं का, असं विचारल्यावर त्यानं मान हलवली. डॉक्टर, तुम्ही आत जा, असं तो पुटपुटला. जे-हानं त्याचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली सापडेना, आणि सापडली तेव्हा ती मोजता येईना इतकी पळत होती.

त्यानं शर्ट वर केला. डाव्या बरगड्यांवर, काखेच्या खाली, हुकाच्या आकाराचा जांभळा ठसा होता.

तेव्हा कुठे मान-बोकनं सांगितलं. विंच थांबवायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं ताणलेली दोरी सुऱ्यानं कापली होती. दोरी सुटली आणि तिच्या टोकाची हूक लावलेली लोखंडी कप्पी झोका घेऊन त्याच्या कुशीत आदळली. थोडं दुखतंय, असं तो म्हणाला. डावा खांदाही दुखतोय, तो का दुखतोय कोण जाणे.

जे-हाला मात्र ते ठाऊक होतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. बरगड्यांखाली डाव्या बाजूला प्लीहा असते, ती फुटली की पोटात रक्त साठतं आणि दुखतं मात्र खांद्यात. त्यानं आणि गुम-जानं मिळून त्याला आतल्या टेबलावर आडवं केलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर जिथे करडं दिसायला हवं तिथे काळं दिसत होतं. डावीकडे काळं, यकृताच्या मागे काळं, खाली ओटीपोटात काळं. हा माणूस पोटात रक्त घेऊन बायकोला पाठीवर बसवून डोंगर चढला होता, आणि आपण त्याच्या शेजारून चालत होतो. जे-हानं हातातलं यंत्र खाली ठेवलं.

त्यानं पुन्हा फोन लावला. ताकबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हेलिकॉप्टर हवेत आहे," त्या म्हणाल्या. "त्यात एकाच माणसाला झोपवायची जागा आहे. दुसरं कुणी बसूनही मावत नाही."

"दुसरी फेरी?"

"पश्चिमेकडून धुकं येतंय. वैमानिक म्हणतोय, एकदा उतरेन, एकदा उडेन. त्यापुढचं सांगत नाही." मग त्यांचा आवाज किंचित खाली आला. "कोण जाणार ते तुला माहीत आहे, मिन. हात नसला तरी माणूस जगतो. तू मला हे विचारायला फोन केला नाहीस. मी बोलून दाखवावं म्हणून केलास. बोलले. आता त्या बाईंना तू सांग. मी इथून सांगू शकत नाही."

जे-हा पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. काय बोलायचं ते त्यानं जुळवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं विस्कटलं. काकांच्या पोटात रक्त जातंय, ऑपरेशन झालं नाही तर ते संध्याकाळ बघणार नाहीत, हेलिकॉप्टरमध्ये एकच जागा आहे, असं तो कसंबसं म्हणाला. तुम्हाला तटरक्षक दलाच्या बोटीनं नेऊ, असंही म्हणाला. बोटीला किती वेळ लागतो हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ओक-सुन बर्फाच्या पेटीकडे बघत राहिली. तिचा हात खांद्यापासून त्या पेटीपर्यंत होता आणि पेटीत जाऊन दिसेनासा झाला होता. गुम-जा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"उजवा आहे," शेवटी ओक-सुन म्हणाली. जणू हे कुणाच्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगत होती.

"हो."

"बोटीनं गेले तर नाही ना राहायचा?"

"बहुतेक नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला तिनं उजवा खांदा उचलला, तो तिथेच अडला, मग तिनं डाव्या हातानं पुसलं. आत्ता, या खोलीत, या बाईचा हात आपण कापतो आहोत, असं जे-हाला स्वच्छ वाटलं.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "कळलं तर ते चढायचे नाहीत. मरतील, पण चढायचे नाहीत. मी बोलते."

मान-बोकला स्ट्रेचरवर घालून तिच्या पलंगाशेजारून नेलं. तो अर्धवट भानावर होता. आधी ती, असं म्हणून त्यानं स्ट्रेचरची कड पकडली आणि उठायला लागला.

"पडून राहा गपचूप," ओक-सुन त्याच्यावर खेकसली. "तुमच्या मागोमाग दुसरं येतंय माझ्यासाठी. हॉस्पिटलात जाऊन कागदबिगद भरून ठेवा. तेवढं तरी नीट करा."

"खरं?"

"मी कधी खोटं बोलले तुमच्याशी?"

"रोज," मान-बोक म्हणाला आणि त्याची मान एका बाजूला कलली.

मैदानावर धूळ उडाली, हेलिकॉप्टर टेकलं. त्यातल्या डॉक्टरनं उतरायच्या आधीच रक्ताची पिशवी हातात घेतली होती. दार बंद झालं. ते वर उठलं तेव्हा शाळेच्या छतामागची टेकडी दिसत होती, आणि आवाज विरला तेव्हा ती दिसत नव्हती. धुकं मैदानावरून सावकाश, गुरं घरी परतावीत तसं चालत आलं.

दुसरं हेलिकॉप्टर आलं नाही. बोट आली, तीही उशिरा आणि भोंगा वाजवत, चाचपडत. जे-हा ओक-सुनबरोबर चढला. खिडकीबाहेर दुधासारखं पांढरं होतं. इंजिनाचा वेग वाढेना. खलाशी पुढच्या टोकाला उभा राहून समुद्राकडे कान देत होता.

वेदनेचं औषध दिल्यावर ती थोडा वेळ झोपायची, जागी झाली की बोलायची. तिनं त्याला सांगितलं, की लग्नात ती मान-बोकपेक्षा उंच होती म्हणून सासूनं तिला सपाट चपला घालायला लावल्या होत्या. त्याला गाता येत नाही पण इंजिन चालू असलं की तो गातो, कारण त्याला वाटतं तेव्हा कुणाला ऐकू येत नाही. मग म्हणाली, "डॉक्टर, पेटीत हात घाला ना. बोटं धरून बघा. गार आहेत का?"

"गारच असायला हवीत, काकू. बर्फात आहेत."

"तरी धरा. मला कळत नाहीये. माझीच आहेत आणि मला कळत नाहीये."

जे-हानं झाकण उघडलं, पिशवीवरून हात ठेवला आणि कापडाआडून ती बोटं धरली. कडक, खरबरीत, मिठानं खाल्लेली बोटं होती. बंदर येईपर्यंत त्यानं ती सोडली नाहीत.

धक्क्यावर दिवे लागले होते. डॉक्टर ताक म्हणजे ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या बाई होत्या. त्यांच्या पायातल्या बुटांवर कुणाचं तरी रक्त वाळलं होतं. आधी त्या ओक-सुनच्या कानाशी वाकल्या. नवरा जिवंत आहे, असं त्यांनी सांगितलं. मग जे-हाला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. मान-बोक दारातून आत आला तेव्हा रक्तदाब मोजता येत नव्हता. टेबलावर पोट उघडलं आणि हृदय थांबलं. त्यांनी महाधमनी मुठीत दाबून धरली, तेव्हा ते पुन्हा चालू झालं. प्लीहा काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावं लागेल. "तुझ्या बोटीनं आला असता तर मी नुसती चादर टाकली असती," त्या म्हणाल्या.

जोडणारा सर्जन थांबला होता. त्यानं हात उघडला, दिव्याखाली बराच वेळ पाहिला, भिंग लावून शिरांची टोकं पाहिली. ओक-सुन त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यानं भिंग काढलं तेव्हाच ती म्हणाली, "असू दे. तुम्ही थांबलात, जेवलाही नसाल."

जखमेच्या वर, जिथे मांस चांगलं होतं तिथून त्यांनी तो काढला.

मान-बोकच्या नाकातोंडातल्या नळ्या निघायला पुढचा आठवडा उजाडला. जे-हा आठवड्याच्या बोटीनं दोघांना बघायला गेला. त्यानं बरोबर पेअरची पेटी नेली होती. वॉर्डात शिरला तेव्हा ओक-सुन नवऱ्याच्या पलंगावर बसून डाव्या हातानं त्याला तांदळाची कण्हेरी भरवत होती आणि अर्धी सांडत होती. मान-बोक तिच्या दुमडलेल्या, पिन लावलेल्या बाहीकडे बघत होता. त्याला त्याच सकाळी कळलं होतं. शेजारच्या पलंगावरच्या कुणीतरी कौतुकानं सांगितलं होतं, तुमच्या बायकोनं तुम्हाला आपली जागा दिली म्हणे.

जे-हाला पाहिल्यावर तो उशीवरून उठायला गेला, टाके ओढले गेले, परत पडला.

"माझं पोट फुटलं होतं," तो म्हणाला. आवाज नळीनं खरवडलेला होता. "तोंड नव्हतं फुटलं. मला का नाही विचारलंस?"

जे-हा पेटी हातात धरून उभा राहिला.

"तिचा हात विंचमध्ये गेला त्यात माझी चूक होती. लाट आलेली मी पाहिली नाही. सुकाणू माझ्याकडे होतं. दोरी मी कापली, मी वाचवला तो हात, जेवढा उरला होता तेवढा. आणि तू बसलास ठरवायला. तू कोण रे? केवढा तू? तुझ्या आधी चार डॉक्टर आले, चार गेले. तू पण जाशील. उद्या ही तांदूळ कशानं धुणार?"

वॉर्डातल्या सगळ्यांनी टीव्हीकडे पाहायचं सोंग केलं. जे-हाला वाटत होतं की त्याच्याजवळ उत्तर आहे, ताकबाईंचं उत्तर, पुस्तकातलं उत्तर, आणि ते खरंही आहे. पण त्यानं फक्त पेअरची पेटी खाली ठेवली. मान-बोक रागावेल हे त्यानं गृहीत धरलं होतं. तो इतका घायकुतीला आलेला असेल, जगवल्याबद्दल माणूस असा तडफडेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ओक-सुननं वाटी खाली ठेवली.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो."

"मग कशाला विचारायचं? मी एका हातानं तांदूळ धुईन. तुम्हाला खांदा देऊन वर दोन हातांनी रडत बसले असते, ते बरं झालं असतं का?" तिनं वाटी परत उचलली. "तोंड उघडा. डॉक्टर, तुम्ही बसा. त्यांना काय, त्यांना ओरडू दे. ओरडतायत ते बरं आहे."

मान-बोकनं तोंड उघडलं नाही. त्यानं भिंतीकडे कूस वळवली, आणि चादरीखाली त्याची पाठ हलायला लागली. ओक-सुन चमचा हातात धरून तशीच बसून राहिली.

बेटावर परत आल्यावर ती दोघं वेगळीच दिसायला लागली. आता सुकाणू ओक-सुनकडे होतं आणि मान-बोक विंचपाशी उभा राहायचा. ती मोठ्यानं ओरडायची, हळू घ्या, हातमोजा बघा. तो उलटून बोलायचा नाही. वाऱ्यावर आता एकाच माणसाचा आवाज यायचा. रस्त्यात जे-हा दिसला तर मान-बोक टोपी पुढे ओढून जायचा. गुम-जा म्हणायची, काही विचारू नका, वेळ जाऊ दे. जे-हा विचारत नव्हताच. त्याला रात्री बोटांचा खरबरीत स्पर्श आठवून जाग यायची, आणि मग तो उठून दिवा लावून पाणी पीत बसायचा.

पानं गळायला लागली त्या सुमाराला मान-बोक एका सकाळी दवाखान्यात आला. बाकीचे पेशंट निघून जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला. मग आत आला, टेबलावर आडवा झाला आणि शर्ट वर केला. जे-हानं छातीपासून बेंबीखालपर्यंत गेलेला व्रण बघितला, पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. चांगलं भरलंय, असं म्हणाला. मान-बोक उठला नाही. छताकडे बघत त्यानं विचारलं, "त्याचं काय केलंत?"

"कशाचं, काका?"

"हाताचं. तिला विचारायची माझी छाती होत नाही. कचऱ्यात टाकला का? हॉस्पिटलात टाकतात म्हणे."

जे-हानं हात धुतले, पुसले, आणि येऊन त्याच्या शेजारी बसला. नाही टाकला, असं त्यानं सांगितलं. घरी यायच्या आदल्या दिवशी ओक-सुनकाकूंनी ताकबाईंकडून तो मागून घेतला होता. मोक्पोच्या स्मशानात त्याला रीतसर अग्नी दिला. दोघांना आणायला गेलेला जे-हा काकूंच्या सोबत होता. राख एवढीशीच झाली, चहाच्या कपात मावेल एवढी. येताना बोटीवरून काकूंनी ती सोडली. तुम्ही खाली केबिनमध्ये झोपला होता.

मान-बोकनं वर केलेला शर्ट खाली ओढला.

"कुठे सोडली?"

"बाहेरच्या दीपस्तंभाच्या पुढे. तीन खडक आहेत तिथे."

तो उठून बसला. शर्टाची बटणं लावताना त्याचं एक बटण दोनदा चुकलं. दारापाशी जाऊन तो थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "तिथं खेकडा चांगला मिळतो. तिथं आता आम्ही जाळं टाकणार नाही." मग जराशानं, "तुम्ही जेवायला या. ती खेकडा मुरवतेय. एका हातानं कशी मुरवते ते बघा येऊन. मला हात लावू देत नाही."